मालिकेतलं नवं प्रेम पटावं म्हणून: नव्या पटकथालेखकांसाठी पायऱ्या

रोजच्या मालिकेत दोघांचं जमलं, की घराघरांत एकच प्रश्न उमटतो: "हे कधी झालं?" लेखकाच्या वहीत ते झालेलं असतं. वनलाइनमध्ये, म्हणजे एपिसोडच्या थोडक्यात आराखड्यात, "दोघं जवळ येतात" असं एक वाक्य असतं, प्रोमोमध्ये पाऊस आणि छत्रीही असते. पण जवळ येणं म्हणजे नेमकं काय, हे एकाही एपिसोडमध्ये दिसलेलं नसतं.

मालिका बघणारा माणूस तुमच्या पात्रांचा दिवस रोज बघतो. कोण किती वाजता उठतं, चहा कोण करतं, डबा कोण भरतं, हे त्याला पाठ असतं. त्यामुळे त्या दिवसात झालेला बारीकसा बदलही त्याच्या नजरेतून सुटत नाही. प्रेम पटवायचं असेल तर कबुलीच्या सीनवर जीव टाकण्याआधी दोघांचा दिवस बदलताना दाखवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत.

उदाहरणाला एक जोडी घेऊ. वृषाली, वय २७, ठाण्यात चरईत आई-वडिलांबरोबर राहते, ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करते. निनाद, वय ३०, राहतो घणसोलीत, नोकरी ठाण्यात.

आधी हे जवळ ठेवा

- मालिकेचं बायबल: पात्रांची वयं, शिक्षण, नोकरी, घरातली नाती.
- भिंतीवरची दिनदर्शिका, सण-वार असलेली.
- दोन्ही पात्रांचा तासातासाचा दिनक्रम, पात्रागणिक एक कागद.
- संबोधनांचा तक्ता: कोण कोणाला काय म्हणतं आणि कोणत्या एपिसोडपासून.
- "कोणाला काय माहीत आहे" याची वही.
- प्रॉडक्शनकडून लोकेशनची यादी: कायम उभे असलेले सेट कोणते, महिन्यात आउटडोअरचे दिवस किती, कलाकारांच्या तारखा कशा आहेत.

शेवटची यादी नवे लेखक मागतच नाहीत आणि मग वीस सीन अशा जागी लिहितात जिथे युनिट कधीच जाणार नसतं.

१. दोघांचा दिवस लिहा, आणि ते कुठे छेदतात ते बघा

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थी-वसाहतीत मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मैत्री कशी जुळते याचा अभ्यास केला होता. तो १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष साधा होता: ज्यांची दारं जवळ आणि जाण्या-येण्याची वाट एक, त्यांची मैत्री जास्त. चाळीत, सोसायटीत, लोकलमध्ये वाढलेल्या आपल्याला हे नवं नाही, पण लिहिताना आपण ते विसरतो आणि भेटी योगायोगावर ढकलतो. तिसऱ्या योगायोगाला प्रेक्षक सुटतो.

आता आपल्या जोडीचा कागद बघा. ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे ठाणे आणि नवी मुंबई जोडणाऱ्या लोकलच्या, गाड्या ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या बाजूला येतात, आणि आलेली गाडीच परत वाशी, नेरूळ किंवा पनवेलच्या दिशेने निघते. म्हणजे सकाळी निनाद ज्या गाडीतून उतरतो, त्याच गाडीत वृषाली चढते. संध्याकाळी उलट. ती उतरते, तो चढतो. दिवसातून दोनदा, दीड-दोन मिनिटं, एकाच प्लॅटफॉर्मवर. इथे योगायोगाची गरजच उरली नाही, वेळापत्रकानेच भेट ठरवून दिली.

शिवाय या भेटीतच अडचण दडलेली आहे: बोलायचं असेल तर दोघांपैकी एकाला गाडी सोडावी लागेल. ही अडचण जपून ठेवा, चौथ्या पायरीला लागणार आहे.

इथे तपशिलाच्या चुका फार होतात. सकाळच्या गर्दीत वृषाली लेडीज डब्यात चढणार, त्यामुळे दोघं शेजारी बसून ऐरोलीपर्यंत गप्पा मारताना दाखवू नका. ठाण्याहून निघाल्यावर आधी दिघा गाव येतं, मग ऐरोली. पण दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. कथा त्याआधीची असेल तर त्याची अनाउन्समेंट ऐकू येता कामा नये. रोज त्या गाडीने जाणारे हजारो लोक तुमची मालिका बघणार आहेत, आणि असल्या एका चुकीनंतर त्यांचा पुढच्या संवादावरचाही विश्वास उडतो.

२. पहिल्या भेटीत वीज पाडू नका

पहिली भेट कामाची ठेवा. सुटे पैसे, चुकून उचललेली छत्री, बंद पडलेला सरकता जिना. प्रेक्षकाला माहीतच असतं की हे दोघं नायक-नायिका आहेत, त्यामुळे तुम्ही काही सुचवलं नाही तरी तो बघतच असतो. वाऱ्याने उडणारी ओढणी आणि स्लो मोशन टाकलं, की त्याला शोधायला काही उरत नाही.

अपघातातून वाचवण्याचा सीन मात्र पूर्ण खोटा नसतो. डोनाल्ड डटन आणि आर्थर अ‍ॅरन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये कॅनडातल्या कॅपिलानोच्या झुलत्या पुलावर प्रयोग केला. हलणाऱ्या उंच पुलावर एका तरुणीशी बोलणं झालेल्या पुरुषांनी तिला नंतर फोन करण्याचं प्रमाण, साध्या भक्कम पुलावर तिला भेटलेल्यांपेक्षा जास्त निघालं. भीतीने वाढलेली धडधड माणूस आकर्षण म्हणून वाचतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणजे वाचवण्याच्या सीनने ओढ सुरू होऊ शकते. पण धडधड थांबल्यानंतरच्या आठवड्यात दोघं एकमेकांशी काय बोलतात, हे तुम्हाला लिहावंच लागेल. तो आठवडा गाळला जातो आणि तिथेच नातं पोकळ राहतं.

एक बंधन मनापासून पाळा. "नाही" म्हटल्यावरही मागे मागे येणारा नायक लिहू नका. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावर तिचा वारंवार पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. बघणाऱ्या मुलींना तो अनुभव रस्त्यावर येत असतो. त्यांनी अशा नायकावर विश्वास का ठेवावा?

३. एपिसोड मोजू नका, गोष्टीतले दिवस मोजा

सगळ्यात जास्त नाती इथे फसतात, म्हणून हिशेब करून बघू.

अर्ध्या तासाच्या एपिसोडमध्ये जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटं हातात येतात. आठवड्याला सहा एपिसोड धरले तर १३२ मिनिटं. जोडीला एपिसोडमागे तीन-तीन मिनिटांचे दोन सीन मिळाले तर आठवड्याला ३६ मिनिटं. हे कमी नाही. पण मालिकेत गोष्टीतला एक दिवस चार-चार एपिसोड चालतो. तसं झालं तर २४ एपिसोडमध्ये, म्हणजे महिनाभरात, गोष्टीतले दिवस होतात फक्त सहा. प्रेक्षकाला दोघं महिनाभर दिसतायत म्हणून लेखकाला वाटतं बराच काळ गेला. पात्रांच्या दृष्टीने मात्र मागच्या सोमवारी ओळख झालेली मुलगी या शनिवारी "तुझ्याशिवाय जगू शकत नाही" म्हणत असते.

त्यात सण येतात. गणपती आणि दिवाळी मालिकेत खऱ्या तारखेलाच साजरे होतात, त्यामुळे कथा एकदम पुढे ओढली जाते. ऑगस्टमध्ये भेटलेली जोडी गोष्टीत आठ दिवस जगते, तोवर पडद्यावर नवरात्र उजाडतं.

उपाय असा. दिनदर्शिकेवर प्रत्येक एपिसोडचा गोष्टीतला दिवस पेन्सिलीने मांडा. मग मुद्दाम छोट्या उड्या घ्या, दहा दिवसांच्या, पंधरा दिवसांच्या. "काही दिवसांनंतर" अशी पाटी टाकण्याऐवजी गेलेला काळ वस्तूत दाखवा. वृषालीचा महिन्याचा रेल्वे पास संपतो आणि ती रांगेत उभी राहते. खिडकीतल्या कुंडीतली मेथी कापण्याजोगी होते. हाताचं प्लास्टर निघतं. चाळीस सेकंदांत तीन वेगळे कपडे, तोच प्लॅटफॉर्म, तोच कोपरा, एवढं दाखवलं तरी दोन आठवडे पटतात.

माझ्या मते पहिल्या भेटीपासून "मला तू आवडतेस" पर्यंत गोष्टीत किमान दोन-अडीच महिने जायला हवेत. आधीपासूनची ओळख असेल, शाळेतली किंवा शेजारची, तर कमी चालतील.

४. पुराव्याचे सीन लिहा

पुराव्याचा सीन म्हणजे ज्यात एक पात्र दुसऱ्यासाठी स्वतःचं काहीतरी सोडतं आणि ते बोलून दाखवत नाही. वेळ, सवय, सोय, पैसा, घरातली शांतता, यांपैकी काहीही. कबुलीच्या आधी असे किमान सात-आठ सीन हवेत, आणि दोघांचेही हवेत. एकटा नायकच सोडत राहिला, तर नायिका बक्षीस होऊन बसते.

आपल्या जोडीचे पुरावे चढत्या क्रमाने असे येतील:

- निनाद उतरल्यावर लगेच जिना चढायचा, तो आता गाडी सुटेपर्यंत थांबतो.
- वृषालीची खिडकी ठरलेली होती. एक दिवस ती शेवटी चढते आणि दारात उभी राहते.
- एक दिवस ती गाडी सोडते. निनादला ते कळतं, पण तो "का?" असं विचारत नाही. दोघं पुढच्या गाडीपर्यंतची मिनिटं मोजत बोलतात.
- ऑफिसला उशीर होतो. टीम लीडर बोलतो. ती दुसऱ्या दिवशी गाडी सोडत नाही, वीस मिनिटं आधी घरातून निघते.
- आई विचारते, "आज लवकर?" आणि वृषाली खोटं बोलते. घरातलं पहिलं खोटं.
- ती डब्यात दोन पोळ्या जास्त मागते. आई काही न विचारता चार घालते.

शेवटचा सीन स्वयंपाकघरात, कायमच्या सेटवर होतो. हे महत्त्वाचं आहे. रेल्वे स्टेशनवर शूटिंगला रेल्वेची परवानगी आणि शुल्क लागतं, गर्दी आवरावी लागते, रोजच्या मालिकेला ते महिन्यातून फार तर एखादा दिवस परवडतं. म्हणून प्लॅटफॉर्मचे सगळे सीन एकत्र लिहून द्या, म्हणजे कपडे बदलून एका दिवसात उरकता येतील. मग त्यांचे परिणाम घोडबंदर रोडच्या किंवा गोरेगावच्या सेटवर, घरात आणि ऑफिसात, आठवडाभर वाटून टाका. सीनच्या मथळ्यात गोष्टीतला दिवस, वेळ आणि कपड्यांची नोंद ठेवा. नाहीतर कंटिन्युइटी (एका सीनमधले कपडे, वस्तू, वेळ पुढच्या सीनशी जुळतात का ते) बघणारा सहायक तुम्हाला रात्री अकराला फोन करेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

५. "तुम्ही" पासून "तू" पर्यंत

मराठी लेखकाच्या हातात जवळीक मोजायची फार सुंदर पट्टी आहे. ती वापरली नाही तर संवाद भाषांतर केल्यासारखे वाटतात.

अनोळखी, साधारण एकाच वयाची माणसं आधी "अहो" आणि "तुम्ही" म्हणतात. ऑफिसात "तू" लवकर येतं, प्लॅटफॉर्मवर उशिरा. मधला टप्पा बहुतेक जण विसरतात: माणसं कर्ताच गाळून बोलतात. "चहा घ्यायचा?" "निघायचं का?" "उद्या याच गाडीला ना?" यांत तूही नाही, तुम्हीही नाही. "तुम्ही" परकं वाटायला लागलंय आणि "तू" म्हणायचा धीर नाही, तेव्हा तोंडून हीच वाक्यं निघतात. आठवडाभर असे संवाद लिहा. मग एखाद्या घाईच्या क्षणी, जिना उतरताना, वृषालीच्या तोंडून "अरे थांब ना!" निघू द्या. तिने सावरावं, "सॉरी, थांबा." त्याने म्हणावं, "थांब चालेल." एवढ्यावर सीन कापा.

संबोधनांच्या तक्त्यात चार रकाने करा: एकटे असताना, मित्रांसमोर, घरच्यांसमोर, भांडताना. एकटे असताना "तू" म्हणणारी घरच्यांसमोर "तुम्ही" वर येते, आणि चुकून "तू" निसटलं की सगळ्या खोलीला कळतं. भांडणात पुन्हा "तुम्ही" आलं तर ते ओरडण्याहून जास्त लागतं.

"आपण" आणि "आम्ही" यांचाही असाच उपयोग करा. "आपण जाऊ" मध्ये समोरचा आत असतो, "आम्ही जाऊ" मध्ये बाहेर. वृषाली निनादला पहिल्यांदा "आपल्याला उशीर होईल" म्हणते तो एक टप्पा. बाबांसमोर "आम्ही ठरवलंय" म्हणते, तेव्हा बाबा पहिल्यांदाच त्या शब्दाच्या बाहेर राहतात. हे वाक्य ज्या नटाच्या वाट्याला ऐकायचं येईल, त्याला प्रतिक्रियेसाठी वेगळा संवाद देऊ नका.

कबुलीला "माझं तुझ्यावर प्रेम आहे" जड पडतं. बोलताना लोक "मला तू आवडतेस" म्हणतात, किंवा त्याच्याही अलीकडे थांबतात.

निनादचं घर घणसोली गावठाणातलं आगरी घर असेल, तर घरातले संवाद त्या बोलीत जन्मलेल्या माणसाकडून लिहून किंवा तपासून घ्या. शब्दाशब्दाला हेल चढवून बोली होत नाही. त्या घरातला विरोधही तिथल्या जगण्यातून येऊ द्या: सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेतला (नवी मुंबईसाठी जमीन गेलेल्यांना मिळणारा) भूखंड, भावांतली वाटणी, गावातली भावकी काय म्हणेल. "स्टेटस" हा एकच शब्द सगळ्या घरांना पुरत नाही.

६. कोणाला कधी कळतं

लपवलेलं प्रेम ठाण्यात कुठे लपतं, याचा विचार करा. चरईतली मुलगी तलावपाळीवर मुलाबरोबर बसली, तर दहा मिनिटांत बाबांच्या ओळखीचं कोणीतरी फेरी मारताना दिसेलच. दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर तर अर्धं कॉलेज असतं. सावध जोडी उपवनला किंवा येऊरच्या बाजूला जाईल, किंवा सरळ वाशीच्या सागर विहारला. आणि गर्दीच्या जागी भेटलीच, तर त्याचा परिणाम पुढच्या दोन एपिसोडमध्ये यायलाच हवा.

वहीत प्रत्येक पात्रापुढे लिहा: संशय कधी, खात्री कधी, कोणाकडून. साखरपुड्याच्या मांडवात सगळ्यांना एकदम कळतं तो सीन गाजतो खरा, पण त्यानंतर घरातलं एकेक माणूस मूर्ख दिसायला लागतं, कारण इतके दिवस ते आंधळं होतं असं ठरतं. आईला आधी कळू द्या, आणि ती काही बोलली नाही हे वडिलांना नंतर कळू द्या. त्या एका गोष्टीवर दोन आठवडे निघतात.

७. आधीचं नातं असेल तर

घटस्फोटित किंवा जोडीदार गमावलेल्या पात्राचं नवं नातं लिहिताना घाई अजिबात करू नका. जुन्या माणसाला खलनायक ठरवलं की नवं प्रेम सोपं होतं, आणि तितकंच हलकंही. जुन्या नात्यातली एखादी चांगली सवय नव्या नात्यात येऊ द्या. मूल असेल तर मुलाचा वेगळा दिनक्रम लिहा आणि नवं माणूस त्यात कुठे बसतं ते बघा. गृहपाठाच्या वेळी की शाळेच्या रिक्षाच्या वेळी? मुलाने तिसऱ्याच भेटीत "बाबा" म्हणू नये.

८. लग्नाचा कायदा बघून घ्या

- "आजच्या आज कोर्ट मॅरेज" लिहू नका. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एक त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा, नोटिशीनंतर ३० दिवस हरकतींसाठी जातात आणि लग्नाला तीन साक्षीदार लागतात. हे ३० दिवस कथेला वरदान आहेत.
- देवळात विधीपूर्वक झालेलं हिंदू लग्न वेगळं. त्याला आधी नोटीस लागत नाही, नंतर नोंदणी करतात.
- मुलीचं वय १८, मुलाचं २१ पूर्ण हवं.
- परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि दोन अर्जांमध्ये सहा महिने जातात. ते माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. दोन एपिसोडमध्ये सही होऊन मोकळं होता येत नाही.
- "सहा महिन्यांच्या करारावर लग्न" कायद्यात नाही. लिहायचंच असेल तर तो कागद पोकळ आहे हे एखाद्या पात्राला ठाऊक असू द्या.

९. गुरुवार आणि "ट्रॅक फास्ट करा"

टीआरपीचे आकडे गुरुवारी येतात. त्यानंतर चॅनलकडून निरोप येऊ शकतो: कबुली दोन आठवडे अलीकडे आणा. वाद घालण्यात वेळ घालवू नका, तयारी आधीच ठेवा. पुराव्याच्या सीनपुढे दोन खुणा करा: "काढता येईल" आणि "काढला तर नातं पडेल". आपल्या यादीत खिडकीचा सीन निघू शकतो. गाडी सोडण्याचा आणि पोळ्यांचा निघू शकत नाही. घाई करायची तर सीन आखूड करा, दोन सीन एकाच दिवशी आणा, गोष्टीतली उडी मोठी घ्या. पायरी मात्र गाळू नका. आणि कबुली अलीकडे आली तर तिच्यानंतरचे संकोचाचे दिवस वाढवा. बोलून बसल्यानंतर पहिल्यांदा समोर आल्यावर माणसं कशी वागतात, यावर चार सुंदर सीन सहज होतात.

१०. कागद देण्याआधी

संवाद मोठ्याने वाचा. मग पात्रांची नावं झाकून पुन्हा वाचा. कोण बोलतंय ते कळलं नाही, तर दोघांना एकच आवाज दिला गेलाय.

मालिका स्वतःची असेल तर संकल्पना पाठवण्याआधी नोंदवा. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद ऑनलाइन नोंदणी करू शकतात. पाठवलेल्या प्रत्येक ईमेलची प्रत तारखेनिशी जपा.

शेवटची तपासणी घरच्याच माणसाकडून करून घ्या, ज्याला कथा माहीत नाही आणि जो रोज मालिका बघतो. त्याला पहिल्या भेटीपासूनचे सगळे सीन ओळीने वाचायला द्या आणि एकच विचारा: "हिला तो आवडायला लागला, ते कुठल्या सीनला?" त्याने डब्याच्या सीनवर किंवा गाडी सुटली त्या सीनवर बोट ठेवलं, तर पुढे पाठवा. बोट कबुलीच्या सीनवर पडलं, तर दिनदर्शिकेवर तीन आठवडे मागे जा आणि वृषालीने त्या दिवसांत काय सोडलं ते आधी लिहा.